तीन मिनिटं चाळीस सेकंद

"हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही," अशी सुरुवात करून इन्स्पेक्टरसाहेब समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. समोरचा काही बोलत नाही. तो बोलूच शकत नाही, कारण त्याचा उजवा गाल टेनिसच्या चेंडूएवढा सुजलेला असतो. हकिगती सांगायला साहेबांनी जावयाच्या दातांच्या दवाखान्यातली बाहेरची खोली निवडली, यात त्यांचं सगळं चातुर्य आलं. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी मध्येच तोडलेलं खपत नाही. आणि जिथे चारजण गालाला हात लावून बसलेत आणि पाचव्याची जीभ भुलीने जड झालीये, तिथे कोण कोणाला तोडणार? काउंटरवर साहेबांची मुलगी बसते आणि नंबर पुकारते. ती तेवढी बोलू शकते. पण बापाची गोष्ट सुरू झाली की ती वहीत मान घालते.

तर ही क्लबातल्या जॅझच्या संध्याकाळची हकिगत. साहेब सांगतात तशीच पुढे ठेवलेली आहे. कुठे माप जरा जास्त भरलं असं वाटलं, तर त्यावर शिक्का साहेबांचा आहे.

जावई दिवसभर लोकांचे दात काढतो आणि संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवतो. त्याच्याबरोबर आणखी तिघं. पियानोवर गणिताच्या शिकवण्या घेणारे एक सर. माणसापेक्षा उंच, कपाटासारखं उभं राहणारं तारांचं एक वाद्य असतं, ते कवेत घेऊन वाजवणारा लिफ्टचा मेकॅनिक. आणि ड्रमवर बालवाडीच्या मुख्याध्यापिका बाई. पस्तीस पोरांना एका वेळी झोपवणारी ही बाई, ड्रमवर बसली की दिवसभर झोपवलेलं सगळं परत उठवायची.

लग्नानंतर जावई पहिल्यांदा सासऱ्यांच्या घरी वाजवायला बसला, तेव्हा पाचव्या मिनिटाला साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हे साधारण किती वेळ चालतं?" विचारण्यात काही वाईट हेतू नव्हता. साहेब लिंबू घेतानाही साधारण किती रस निघतो ते विचारतात. जावई हसला आणि थांबला. मुलगी हसली नाही. याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ती बापाशी बोलायची ते कामापुरतं. गोळी घेतली का, छत्री विसरलात, नळवाला येऊन गेला. साहेबांनी आयुष्यभर कमी माप पकडलं होतं, त्यामुळे आपल्याला नेमकं किती कमी मिळतंय हे त्यांना रोज कळत होतं.

मग साहेब क्लबाचे सांस्कृतिक सचिव झाले. कसे झाले, तर सभेत खिडकी लावा असं सांगायला त्यांनी हात वर केला, आणि नेमकं त्याच क्षणी अध्यक्षांनी "कोण तयार आहे?" असं विचारलं होतं. खिडकी उघडीच राहिली, पद मात्र गळ्यात पडलं. घरी येऊन साहेबांनी मोठ्या मनाने जाहीर केलं की जावईबापूंचा कार्यक्रम क्लबात ठेवायचा.

मुलगी म्हणाली, "ठेवा. पण बाबा, एक करा. एकदा तरी त्याला पूर्ण ऐका. घड्याळाकडे न बघता."

एवढंच ना, असं साहेबांना वाटलं. पुढचे दोन महिने हे वाक्य आठवून ते स्वतःवरच चिडत होते.

क्लबाचे अध्यक्ष वकील. त्यांनी साहेबांच्या हातात ‘नमुना क’ ठेवला. त्यात रकाने होते ते असे: रचनेचं नाव, कालावधी मिनिटं व सेकंदांत, आणि शेवट कसा होणार. साहेबांना आनंद झाला. रकाना दिसला की त्यांना घरी आल्यासारखं वाटतं. ते कागद घेऊन दवाखान्यात गेले. जावई एकाच्या अक्कलदाढेशी झटापट करत होता, तशात त्याने सांगितलं की नावं देतो, बाकीचं वाजवताना ठरतं.

"कोण ठरवतं?" साहेबांनी विचारलं.

"कोणीच नाही. सुचतं."

"आणि शेवट?"

"झाला की कळतो," जावई म्हणाला. खुर्चीतल्या पेशंटने तोंड उघडं ठेवून मान हलवली, म्हणजे ते त्यालाही पटलं होतं. साहेबांना पटलं नाही. जॅझ म्हणजे मूळ चाल एकदा वाजवायची, मग एकेकाने तिला आपापल्या मनाप्रमाणे फिरवून आणायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून घरी पोचवायची, असं जावयाने समजावलं. साहेबांनी ते वकिलांना सांगितलं. वकील म्हणाले की जे वाजवणाऱ्यालाच माहीत नाही त्याला समितीने मंजुरी द्यायची, म्हणजे कोऱ्या कागदावर सही केल्यासारखं होईल. साहेबांनी कालावधीच्या रकान्यात ‘सुचेल तसा’ असं लिहून बघितलं. त्यावर खजिनदारांनी लेखी विचारणा केली की सुचलं नाही तर क्लबाची भूमिका काय राहील.

शेवटी साहेबांनी ठरवलं की वाद घालून उपयोग नाही, माप घ्यायचं. चौघांना त्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीत तालमीला बोलावलं, सोफा स्वयंपाकघरात नेला, स्वतः स्टुलावर बसले आणि स्टॉपवॉच चालू केलं. पहिल्या रविवारी पहिली रचना तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपली. साहेबांनी आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या रविवारी खात्रीसाठी तीच रचना परत घेतली, ती अकरा मिनिटं चालली. तिसऱ्या रविवारी सात मिनिटं झाली होती, तेवढ्यात मेकॅनिकचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले होते. मेकॅनिक गेला, रचना तिथेच तुटली आणि ते उंच वाद्य चार दिवस साहेबांच्या मोरीच्या दाराशी उभं राहिलं. आंघोळीला जाताना साहेब त्याला ‘जरा सरका’ म्हणायला लागले होते.

एकच माल, एकच कारखाना, आणि तीन वेळा तीन मापं. साहेबांना अपमान झाल्यासारखं वाटलं. एकतीस वर्षांत त्यांनी कमी देणारे हजारो लोक पकडले होते. जादा देणाऱ्यासाठी त्यांच्याकडे कलमच नव्हतं.

आणि इथे साहेबांनी ती चूक केली, जी वजनमापे खात्यातल्या माणसाशिवाय जगात कोणीही केली नसती. पाकिटावर जे वजन छापतात ते कमीत कमी वजन. तेवढं तरी गिऱ्हाइकाला मिळालंच पाहिजे, त्याहून जास्त भरलं तर तो गुन्हा नाही. हा नियम साहेबांच्या हाडीमांसी भिनलेला. त्यांनी ‘नमुना क’मध्ये सहाही रचनांपुढे बिनधास्त लिहून टाकलं: तीन मिनिटं चाळीस सेकंद. खाली सही ठोकली. आता वाजवा हवं तेवढं.

समितीने अर्ज एकमताने मंजूर केला. वकिलांनी हात मिळवला आणि सहज म्हणाले, "म्हणजे ही कमाल मर्यादा झाली. एक सेकंदही वर गेलं की घंटा."

साहेब म्हणाले की हे किमान आहे. वकील म्हणाले की क्लबाच्या घटनेत किमान हा शब्दच नाही, पाहिजे तर शोधून दाखवा. साहेबांनी सबंध घटना दोनदा वाचली. खरोखरच नव्हता. सहा रचना मिळून बावीस मिनिटांचं वादन, आधी दहा मिनिटं परिचय, आणि खजिनदारांचं आभारप्रदर्शन वीस मिनिटं. आभारप्रदर्शनाला घंटा लागू नव्हती.

घंटेचा हा नियम साधासुधा नव्हता. साहेब सांगतात की पूर्वी एक पाहुणे क्लबात आपल्या परदेशप्रवासावर बोलायला आले होते, ते प्रवासाला जेवढे दिवस लागले तेवढेच बोलले. निघाले तेव्हा पहिल्या रांगेतल्यांना दाढ्या आल्या होत्या. तेव्हापासून नियम झाला. ठरलेली वेळ संपली की पहिली घंटा, मग दुसरी, आणि तिसऱ्या घंटेला दिवे बंद. ही घंटा पंधरा वर्षं एका निवृत्त हेडमास्तरांच्या हातात होती. त्यांना सगळे घंटामास्तर म्हणत. त्यांनी खासदाराला वाक्याच्या मध्यावर थांबवलं होतं आणि स्वतःच्या व्याह्यांना कवितेच्या दुसऱ्या ओळीवर.

दरम्यान शेजाऱ्यांना तालमींचा सुगावा लागला होता, म्हणजे भिंती थरथरत होत्या. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी येऊन विचारलं की गाणारं कोण आहे. कोणीच नाही म्हटल्यावर त्यांना साहेबांची दया आली. एवढी माणसं जमवली, आणखी एक मिळालं नाही का, असं म्हणून त्यांनी आपल्या भाचीचं नाव सुचवलं आणि जिन्यातच तिचं गाणं म्हणूनही दाखवलं. शेजारचे टेलिफोनमधून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले की सॅक्सोफोनमधून थुंकी गळते, पहिल्या रांगेखाली वर्तमानपत्रं अंथरा. खालच्या मजल्यावरचा रात्रपाळीवाला मात्र खरोखर चिडून आला. त्याची तक्रार आवाजाची नव्हती. त्या रविवारी सात मिनिटांवर तुटलं ते पुढे काय झालं, या विचाराने त्याची झोप गेली होती.

पियानोचं तर विचारूच नका. क्लबात पियानो होता, असं नोंदवहीत होतं. शोधल्यावर तो पत्त्यांच्या खोलीत बक्षिसाच्या ढालींच्या खाली सापडला. झाकण उघडलं तेव्हा आत टेबलटेनिसचे त्रेसष्ट चेंडू, कोणाची तरी वरची कवळी आणि एक राजीनामा निघाला. कवळी जावयाने ताब्यात घेतली. राजीनामा आधीच्या सचिवांचा होता, त्यावर ‘तातडीचे’ असं लिहिलं होतं. गणिताच्या सरांनी तीन दिवस खपून पियानो बोलता केला. मग तो हॉलमध्ये न्यायला गेले, तर दारातून जाईना. पियानो आधी आला होता आणि भिंत नंतर. तेव्हा पियानोकडे हॉल न्यावा लागला, म्हणजे शंभर खुर्च्या पत्त्यांच्या खोलीत. तिथे रोज संध्याकाळी पाच ते आठ चार म्हातारे पत्ते खेळत. ही जागा त्यांना बावीस वर्षांपूर्वीच्या ठरावाने कायमची दिलेली होती. साहेबांनी विनवण्या केल्या. त्यातला एकजण पत्त्यांवरून नजर न उचलता म्हणाला, "तुम्ही वाजवा. आम्हाला तुमचा काही त्रास नाही." म्हणून शंभर खुर्च्यांच्या ऐन मध्यावर पत्त्यांचं टेबल तसंच राहिलं.

एवढं होऊनही साहेबांनी धीर सोडला नव्हता. घंटामास्तरांना भेटून, थोडं सबुरीनं घ्या असं सुचवावं म्हणून ते निघाले, तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी घंटामास्तरच त्यांच्या दारात. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली पितळी घंटा.

"उद्या माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "माझ्या गैरहजेरीत घंटा सचिवाने वाजवायची, असा नियम आहे. एक लक्षात ठेवा. वाजवताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. दया येते."

ते गेले. साहेब घंटा मांडीवर घेऊन बसले. मुलीने काय मागितलं होतं, तर घड्याळाकडे न बघता ऐका. आणि आता शंभर माणसांसमोर, तिच्या डोळ्यांदेखत, साहेबांनी फक्त घड्याळाकडेच बघायचं होतं आणि तिच्या नवऱ्याला घंटा वाजवून गप्प करायचं होतं. घंटा नाकारावी तर एकतीस वर्षांची इभ्रत जाते. वाजवावी तर गोळी घेतली का, छत्री विसरलात, एवढंही बोलणं बंद होतं. मन ताळ्यावर आणायला साहेबांना एकच उपाय ठाऊक आहे. त्यांनी घंटा उलटी केली, आतला टोले देणारा लोखंडी लोलक आकड्यावरून काढला आणि घरच्या तराजूत टाकला. बेचाळीस ग्रॅम भरला. तशी त्यांनी नोंद केली.

कार्यक्रमाला खोली भरून गेली होती. घंटामास्तर नाहीत हे कळल्यावर, ते असताना येत नसत तेही आले होते. रात्रपाळीवाला रजा टाकून आला होता. मुलगी पहिल्या रांगेत. साहेब कोट घालून बाजूच्या छोट्या टेबलाशी बसले होते, समोर ‘नमुना क’, स्टॉपवॉच आणि घंटा. वकील त्यांच्याकडे बघून एक बोट वर करत, म्हणजे लक्ष असू द्या.

इथपर्यंत हकिगत दर वेळी सारखी असते. यापुढची मात्र दवाखान्यात किती गर्दी आहे त्यावर ठरते. परवा सोमवार होता, सात पेशंट होते, तेव्हा ती भरपूर लांबली.

साहेबांनी पेशंटना सांगितलं की पहिली रचना सुरू झाली. जावयाने डोळे मिटून सॅक्सोफोन उचलला. चाल एकदा झाली, मग तो एकटाच तिला घेऊन कुठेतरी निघाला. तीन मिनिटं झाली. तीन वीस. तीन तीस. तीन चाळीसला साहेबांनी घंटा उचलली. "जावई असला म्हणून काय झालं? नियम म्हणजे नियम. मी तोंडाकडे बघितलंच नाही. दिली टण्णकन!"

पुढे काय झालं ते सांगताना साहेब उभे राहिले. घंटा नेमकी ठेक्यावर पडली. जावयाने एक डोळा उघडला आणि घंटेचा तोच सूर सॅक्सोफोनवर परत केला. साहेबांनी दुसरी घंटा दिली, ती पियानोने झेलली. बालवाडीच्या बाईंचं अर्धं आयुष्य घंटेत गेलेलं, त्या तर पेटूनच उठल्या. तिसऱ्या घंटेला नियमाप्रमाणे दिवे गेले, पण अंधारात वाजवायला कोणाची बंदी? मेकॅनिक म्हणे आपलं ते वाद्य गरागरा फिरवत होता. पत्तेवाले म्हातारे बरोबर ठेक्यावर पानं आपटत होते, वकीलसाहेब टेबलावर चढून नाचत होते, आणि साहेब दोन्ही हातांनी घंटा वाजवत होते ते असे. ‘असे’ दाखवताना साहेबांच्या हाताने भिंतीवरचं स्वच्छ दातांचं चित्र खाली आलं. शेवटी वकिलांनी तिथल्या तिथे ‘नमुना क’ मागवून त्यात घंटा हे पाचवं वाद्य म्हणून लिहून घेतलं. "तेवीस मिनिटं! माझ्या स्टॉपवॉचवर, सेकंद न सेकंद मोजून तेवीस मिनिटं. आणि तेव्हापासून माझी लेक माझ्याशी धड बोलायला लागली. कशामुळे, तर या घंटेमुळे. बाप नियमाला किती पक्का आहे हे तिला तेव्हा कळलं."

सुजलेल्या गालाचे गृहस्थ दुखणं विसरून बघत होते. भूल दिलेल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा," काउंटरवरून मुलगी म्हणाली.

साहेब थांबले. तिने खण उघडला आणि काउंटरवर एक छोटी वस्तू ठेवली. लोखंडी, बोटाएवढी, वरच्या टोकाला कडी.

"हा लोलक," ती पेशंटना म्हणाली. "त्या कार्यक्रमानंतर कोट धुवायला टाकताना बाबांच्या खिशात सापडला. अध्यक्ष सारखे खुणा करत होते, बाबा तोंड गंभीर करून घंटा हलवत होते आणि आवाज येत नव्हता. एकही घंटा वाजली नाही. दिवेही गेले नाहीत."

खोलीत कोणी काही बोललं नाही. बोलू शकणारं तसंही कोणी नव्हतं. साहेबांनी खाली पडलेलं दातांचं चित्र उचललं, ते सरळ आहे ना हे दोनदा बघितलं.

"ठीक आहे, घंटा नसेल वाजली," ते म्हणाले. "पण तेवीस मिनिटं तर खरी? त्यात मापाची चूक माझ्या हातून व्हायची नाही."

"तेवीस कुठून आणलीत? स्टॉपवॉच तुम्ही चालूच केलं नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यावर होतं. माझा नवरा काय, मला रोजच ऐकू येतो. मी सगळा वेळ तुमच्याकडे बघत होते."